पाळीने बोलण्याचे शास्त्र
(प्रस्तावना)

दूरध्वनीवर बोलणारी दोन माणसे एकाच क्षणी बोलू शकतात, एकमेकांचे वाक्य तोडू शकतात, मनात आणले तर भांडूही शकतात. परंतु पोलिसाच्या खांद्याला अडकवलेल्या, रेल्वेच्या गार्डाच्या हातात असलेल्या किंवा हॉटेलच्या दरवानाच्या कमरेला लटकणाऱ्या त्या लहानशा यंत्रावर ही चैन कोणालाच करता येत नाही. तेथे बोलायचे तर बाजूची कळ अंगठ्याने दाबून धरावी लागते, आणि ती दाबलेली असेपर्यंत बोलणारा बहिरा असतो. ऐकायचे तर कळ सोडावी लागते, आणि सोडताच तो मुका होतो. ज्याला आपण द्विमार्गी रेडिओ म्हणतो, पोलीस खात्यात ज्याला आजही ‘वायरलेस’ किंवा ‘बिनतारी’ म्हणतात आणि मुले ज्याला वॉकी-टॉकी म्हणतात, त्याचे सारे मर्म या अंगठ्याच्या उघडझापीत साठवलेले आहे. शंभर माणसे ऐकत असताना त्यांतील एकानेच बोलावयाचे, आणि ते एक कोण हे दरवेळी नव्याने ठरावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. म्हणून द्विमार्गी रेडिओचा इतिहास हा वरवर पाहता तरंगांचा आणि यंत्रांचा इतिहास असला, तरी माझ्या मते तो मूलतः पाळीचा इतिहास आहे. आणि अलीकडे या यंत्रात जे डिजिटल स्थित्यंतर घडून आले, तेही आवाज स्वच्छ करण्याच्या हौसेपेक्षा पाळी लावण्याच्या निकडीतूनच घडून आले.

पाळीची गरज का पडते, हे महाराष्ट्रातील शेतकऱ्याला निराळे समजावून सांगावे लागणार नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम अशा नद्यांवरील बंधाऱ्यांतून पाटाचे पाणी देण्याची जी फड पद्धत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, तिच्यात पाणी सर्वांचे असते, पाट एकच असतो, आणि कोणाचे शिवार केव्हा भिजावयाचे याचा बंदोबस्त पाटकऱ्याच्या हाती सोपवलेला असतो. रेडिओच्या कंप्रतांचा पट्टा हा असाच सामाईक पाट आहे. पोलीस, अग्निशामक दल, रेल्वे, विमानतळ, बंदरे, कारखाने, सुरक्षा कंपन्या आणि हौशी रेडिओचे उपासक, या सर्वांना त्याच मर्यादित पट्ट्यातून आपापला हिस्सा घ्यावा लागतो. जुन्या पद्धतीच्या यंत्राला एका संभाषणासाठी पंचवीस किलोहर्ट्झ रुंदीची सारणी लागे, आणि त्या सारणीतून एक माणूस बोलत असेपर्यंत दुसऱ्या कोणालाही वाट नसे. मागणारे वाढत गेले, पाट तेवढाच राहिला. आणि मग पाटकऱ्याला जे प्रश्न पडतात तेच प्रश्न रेडिओच्या अभियंत्यांना पडू लागले, की सारण्या अरुंद कराव्यात, की सारणी तीच ठेवून वेळ वाटून द्यावा, की सर्व सारण्या एका हाती घेऊन ज्याला जेव्हा गरज तेव्हा त्याच्याकडे पाणी वळवावे? डिजिटल रेडिओचे जे निरनिराळे संप्रदाय आज प्रचलित आहेत, ते सर्व या तीन प्रश्नांचीच निरनिराळी उत्तरे होत.

या विषयाच्या पूर्वेतिहासाकडे वळावयाचे तर हर्ट्झने १८८७-८८ च्या सुमारास प्रयोगशाळेत विद्युच्चुंबकीय तरंगांचे अस्तित्व दाखवून दिले, जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ च्या सुमारास कलकत्त्यात त्याच तरंगांनी दूर ठेवलेली घंटा वाजवून दाखवली, आणि मार्कोनीने त्यांना व्यवहाराच्या बाजारात आणले, हे सर्वश्रुतच आहे. परंतु संदेश पोहोचणे आणि संवाद होणे या दोहोंत जे अंतर आहे ते ओलांडण्यास आणखी तीनचार दशके लागली. पावनखिंडीची कथा आपण लहानपणापासून ऐकत आलो. विशाळगडावरील तोफांचे आवाज बाजीप्रभूंच्या कानी पडले असे परंपरा सांगते, परंतु खिंडीतून गडाकडे उत्तर धाडण्याची कोणतीही सोय त्या वीराजवळ नव्हती. अमेरिकेतील डेट्रॉइट शहराच्या पोलिसांनी १९२८ मध्ये गस्तीच्या मोटारींत रेडिओ बसवले, तेव्हा त्यांची अवस्था तत्त्वतः याहून निराळी नव्हती. मोटारीतल्या शिपायास हुकूम ऐकू येई, पण जाब द्यावयाचा तर खाली उतरून जवळचा टेलिफोन शोधावा लागे. न्यू जर्सी प्रांतातील बेयॉन या गावच्या पोलिसांनी १९३३ मध्ये मोटारीतूनच उत्तर देण्याची सोय करून घेतली, आणि तेथून द्विमार्गी रेडिओ हे नाव सार्थ झाले. त्याच वर्षी एडविन आर्मस्ट्राँगला फ्रीक्वेन्सी मॉड्युलेशनची पेटंटे मिळाली; तरंगाची उंची कमीजास्त करण्याऐवजी त्याची कंप्रता कमीजास्त करून आवाज वाहून नेण्याच्या या युक्तीने मोटारीच्या इंजिनाची खरखर आणि विजेचा कडकडाट पुष्कळसा गाळला गेला, आणि पुढील अर्धशतक तिचेच राज्य चालले.

दुसऱ्या महायुद्धाने हे यंत्र मोटारीतून उतरवून माणसाच्या अंगावर चढवले. अमेरिकी सैन्याच्या पाठीवर जो सुमारे पंधरा किलोंचा संच असे त्याला वॉकी-टॉकी म्हणत, आणि हातात धरण्याचा जो सुमारे सव्वादोन किलोंचा संच होता त्याला हँडी-टॉकी म्हणत. काळाचा विनोद असा, की पाठीवरचा संच नामशेष झाला आणि त्याचे नाव मात्र हातातल्या संचाने बळकावले. आपल्याकडे १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र अधिनियमाने असा संच परवान्यावाचून जवळ बाळगण्यास मज्जाव केला. १९४६ मध्ये पोलीस बिनतारी यंत्रणांच्या समन्वयासाठी केंद्रीय संचालनालय स्थापन झाले, आणि १९५२ मध्ये कंप्रतांच्या वाटपाचा कारभार पाहणारी केंद्र सरकारची शाखा अस्तित्वात आली. या वर्षांत बिनतारी कामगारांची जी पिढी घडली, तिने यंत्राच्या उणिवा जिभेच्या शिस्तीने भरून काढल्या. आधी ज्याला बोलवावयाचे त्याचे नाव, मग आपले, वाक्य आखूड, आकडे सुटे सुटे, शेवटी ‘ओव्हर’, आणि प्रत्येक संदेशाची वेळेसह नोंदवहीत नोंद. पाळी लावणारे यंत्र तेव्हा नव्हते. पाळी पाळणारी माणसे होती.

ती शिस्त कोठे अपुरी पडे, याचा एक दाखला माझ्या अनुभवातला आहे, आणि तो येथे थोडा विस्ताराने सांगतो, कारण या प्रस्तावनेच्या शेवटी मला त्याच्याकडे पुन्हा यावयाचे आहे. फार वर्षांपूर्वी एका नदीकाठच्या यात्रेच्या बंदोबस्तात, एका शाळेच्या वर्गात थाटलेल्या तात्पुरत्या नियंत्रण कक्षात मी रात्रभर बसलो होतो. फळ्यावर आदल्या दिवशीची बेरजेची उदाहरणे तशीच होती, आणि मास्तरांच्या टेबलावर वायरलेसचा संच, बारनिशीचे रजिस्टर आणि चहाचे पेले होते. मध्यरात्रीच्या सुमारास संचातून एक कर्कश शीळ येऊ लागली. ती थांबे, क्षणभर शांतता पसरे, आणि पुन्हा तीच शीळ सुरू होई. कोणी तरी दोघे एकाच क्षणी कळ दाबत होते, दोघेही उत्तर न आल्याने कळ सोडत होते, दोघेही सभ्यपणे थोडे थांबत होते, आणि दुर्दैवाने पुन्हा एकाच क्षणी दाबत होते. दोन वाहक तरंग एकमेकांवर आदळले म्हणजे शब्द उरत नाहीत, केवळ त्यांच्या फरकाची शीळ उरते. संचावर बसलेल्या वयस्क कामगाराने अखेर मधली एक फट साधून दरडावले, “अल्याड काठ, तुम्ही बोला; पल्याड काठाने कळेला हात लावू नये.” अल्याडच्या शिपायाने सांगितले की त्याच्यापाशी पाचसहा वर्षांची एक चुकलेली मुलगी आहे, तिने हिरवे परकर-पोलके घातले आहे, आणि ती आपले नाव सांगत नाही. मग पल्याडला परवानगी मिळाली, आणि त्याने सांगितले की त्याच्यापाशी एक बाई रडत बसली आहे. रजिस्टरात त्या प्रसंगाची एका ओळीची नोंद झाली. परंतु जे दोन संदेश वीस मिनिटे एकमेकांना गिळत होते, ते दोन नसून एकच होते, ही गोष्ट मला पुढे अनेक वर्षे विसरता आली नाही.

डिजिटल पद्धतीने या शिळेवर काय उतारा काढला, हे पाहावयाचे तर कळ दाबल्यावर एका शब्दाचे काय होते ते जवळून पाहिले पाहिजे. समजा, शिपाई म्हणतो, “थांबा.” जुन्या यंत्रात त्याच्या आवाजाचा जसा चढउतार होई, तसाच वाहक तरंगाच्या कंप्रतेचा चढउतार होई, तरंग हा आवाजाची सावली असे. नव्या यंत्रात त्या आवाजाचे प्रथम वीस-वीस मिलिसेकंदांचे तुकडे पाडले जातात, आणि प्रत्येक तुकड्याविषयी यंत्र स्वतःलाच काही प्रश्न विचारते: स्वर घोष आहे की अघोष, त्याची पट्टी कोणती, घशातून ओठांपर्यंतच्या पोकळीने त्याला कोणता आकार दिला, आणि त्याचा जोर किती? या प्रश्नांची उत्तरे तेवढी शून्य आणि एक या अंकांत लिहून पाठवली जातात; पलीकडचे यंत्र त्या उत्तरांवरून नवा आवाज घडवते. ही कैफियत किती संक्षिप्त असते, हे आकड्यांनीच ध्यानात येईल. साध्या डिजिटल टेलिफोनला सेकंदाला ६४,००० अंक लागतात, म्हणजे वीस मिलिसेकंदांना १,२८०. तेवढ्याच काळाचे बोलणे डीएमआर नावाच्या पद्धतीतील स्वर-संकेतक ४९ अंकांत उरकतो, आणि वाटेतल्या चुका दुरुस्त करता याव्यात म्हणून त्यांत आणखी २३ घालून ७२ पाठवतो. या कल्पनेचा उगम होमर डडली या बेल प्रयोगशाळेतील अभियंत्याच्या कामात आहे. १९३९ च्या न्यूयॉर्क येथील जागतिक प्रदर्शनात त्याचे बोलणारे यंत्र लोकांनी कौतुकाने पाहिले होते, आणि १९४३ मध्ये त्याच तत्त्वावर मित्रराष्ट्रांच्या नेत्यांसाठी जी गुप्त संभाषणयंत्रणा उभारली गेली, तिचे वजन पन्नास टनांहून अधिक होते. आज ते काम नखाएवढ्या चकतीवर होते.

बोलणे असे आक्रसल्यावर पाळी लावणे शक्य होते. डीएमआरमध्ये साठ मिलिसेकंदांचे बोलणे गोळा करून ते साडेसत्तावीस मिलिसेकंदांत एका झटक्यात सोडून दिले जाते, अडीच मिलिसेकंदांची फट ठेवली जाते, आणि पुढचे तीस मिलिसेकंद हा संच गप्प राहतो; त्या अवधीत त्याच कंप्रतेवर दुसऱ्याच संभाषणाचा संच आपला झटका पाठवतो. ऐकणारा संच प्रत्येक झटका पुन्हा साठ मिलिसेकंदांच्या बोलण्यात उलगडतो, म्हणून दोन्ही ठिकाणी ऐकणाऱ्यांस सलग बोलणेच ऐकू येते. पाटाची खिडकी फिरवताना थोडे पाणी वाया जावयाचेच, म्हणून ती अडीच मिलिसेकंदांची फट. त्या फटीतच यंत्राची शक्ती चढते-उतरते, आणि जवळच्या व दूरच्या संचांचे तरंग पोहोचण्यातला उशीर तिच्यातच सामावतो. याचा एक अनायास लाभ असा, की प्रक्षेपक अर्धा वेळ निजलेला असल्याने संचाची बॅटरी अधिक टिकते.

आता संप्रदायांविषयी. युरोपीय दूरसंचार मानक संस्थेने १९९५ मध्ये जे टेट्रा मानक प्रसिद्ध केले, त्यात पंचवीस किलोहर्ट्झच्या सारणीवर चौघांच्या पाळ्या लावल्या आहेत; मोठी शहरे, मेट्रो रेल्वे, विमानतळ अशा दाट वस्तीच्या मुलखासाठी ते सोयीचे, आणि दिल्ली मेट्रोने आपल्या आरंभापासून त्याचा स्वीकार केला. अमेरिकेतील सार्वजनिक सुरक्षा क्षेत्राने १९८९ पासून हाती घेतलेले प्रोजेक्ट २५ हे दुसरे घराणे. पहिल्या टप्प्यात त्याने साडेबारा किलोहर्ट्झची अरुंद सारणी एकेकाला दिली, आणि दुसऱ्या टप्प्यात तीच दोघांत वेळेने वाटली. तिसरे डीएमआर, त्याच युरोपीय संस्थेचे २००५ चे अपत्य, साडेबारा किलोहर्ट्झवर दोन पाळ्यांचे. जुन्या ॲनालॉग यंत्रणेच्या जागी फारशी मोडतोड न करता बसवता येत असल्याने कारखाने, हॉटेले, बंदरे आणि हौशी रेडिओवाले यांच्यात ते झपाट्याने रूढ झाले. चौथे जपानी आयकॉम आणि केनवूड यांचे एनएक्सडीएन व त्याच्या जवळचे युरोपीय डीपीएमआर. ही दोन्ही घराणी वेळ वाटण्याच्या भानगडीत न पडता सारणीच सव्वासहा किलोहर्ट्झ इतकी चिंचोळी करतात. याखेरीज हौशी रेडिओसाठी जपानच्या हौशी रेडिओ संघाने घडवलेल्या डी-स्टारसारख्या शाखाही आहेत. या घराण्यांचे अनुयायी आपापसांत तावातावाने वाद घालतात; परंतु नवख्या वाचकाने एक साधा भागाकार करून पाहावा. पंचवीसला चाराने भागा, साडेबाराला दोहोंनी भागा, अथवा सव्वासहाला एकाने. भागाकार एकच येतो. एका संभाषणाला सव्वासहा किलोहर्ट्झ, या हिशेबावर सगळी घराणी येऊन ठेपली आहेत. भेद आहे तो वाटपाच्या रीतीचा.

वाटपाची तिसरी रीत, म्हणजे सर्व सारण्या एका हाती घेऊन मागेल त्याला देण्याची, ती ट्रंकिंग या नावाने ओळखली जाते. पोस्टात प्रत्येक खिडकीपुढे निराळी रांग असली तर एका खिडकीपुढे गर्दी आणि दुसरीपुढे शुकशुकाट असतो. रांग एकच केली आणि जी खिडकी मोकळी होईल तिकडे पुढचा माणूस पाठवला, तर तेवढ्याच खिडक्यांत अधिक लोकांचे काम होते. डेन्मार्कचा गणिती एर्लांग याने १९०९ पासून टेलिफोनच्या संदर्भात या रांगांचे जे गणित मांडले, त्याच्याच आधारावर ट्रंकिंगची उभारणी आहे. येथे एक नियंत्रक वाहिनी पाटकऱ्याचे काम करते: कळ दाबताच संच आधी तिच्याकडे मागणी नोंदवतो, ती मोकळी सारणी शोधून त्याच्या गटातील सर्व संचांना तिकडे वळवते, आणि हे सर्व सेकंदाच्या अंशात उरकते. मग ‘चॅनेल’ ही स्थिर जागा न राहता ‘टॉकग्रुप’ म्हणजे माणसांचा गट हीच ओळख होते. संच म्हणजे आता नुसता आवाज नव्हे. त्याला क्रमांक आहे, हजेरी आहे, दर्जा आहे. कोण बोलत आहे हे पडद्यावर उमटते. एकाच व्यक्तीशी खाजगी बोलता येते. लहान संदेश व उपग्रहाने सांगितलेले स्थान पाठवता येते. संच पडून निश्चल राहिला तर तो स्वतःच हाका मारतो. संकटाची लाल अथवा नारिंगी कळ दाबली तर इतरांचे बोलणे बाजूला सारून तिला वाट करून दिली जाते. आणि चोरीस गेलेला संच कचेरीत बसून निकामी करता येतो. थोडक्यात, जो पट्टा पूर्वी मोकळे मैदान होता, तेथे आता दप्तर थाटले गेले आहे.

दप्तराचे गुण आले तसे त्याचे दोषही आले, आणि हे दोष सांगितल्यावाचून विषयाची ओळख प्रामाणिक होत नाही. ॲनालॉग आवाज दूर जाताना हळूहळू खरखरत विरत जाई, आणि ती खरखरच माणसाला सांगे की आता मागे फिरा, डोंगर आड येतो आहे. डिजिटल आवाज अखेरपर्यंत स्वच्छ राहतो आणि मग कड्यावरून पडावा तसा एकाएकी नाहीसा होतो. स्वर-संकेतक मानवी घशाच्या नमुन्यावर बेतलेला असल्याने त्याला मानवी आवाजच तेवढा समजतो. विसर्जनाच्या मिरवणुकीत ढोल-ताशाच्या पथकाशेजारी उभा राहून कोणी बोलू लागला, तर ते बिचारे यंत्र ताशालाही घसा आहे असे समजून त्याचे उच्चार करू पाहते, आणि मूळ शब्द त्या खटपटीत चिरडले जातात. अमेरिकेतील अग्निशामकांनी धोक्याच्या कर्ण्याजवळ आणि यांत्रिक करवतीजवळ हाच अनुभव आल्याची तक्रार केली, आणि त्यावर रीतसर परीक्षणे झाली. शिवाय तरंगांचा भूगोल बदललेला नाही. दीड मीटर उंचीवर धरलेल्या संचाचे क्षितिज सपाटीवरसुद्धा जेमतेम पाच किलोमीटरांचे. तोच प्रक्षेपक सिंहगडासारख्या, पायथ्यापासून सुमारे साडेसातशे मीटर उंच माथ्यावर नेला तर ते शंभर किलोमीटरांच्या पलीकडे जाते. सह्याद्रीच्या घळईत उतरलेल्या गिर्यारोहकाच्या हातात कितीही महागडा डिजिटल संच दिला, तरी मधला कडा त्याचे बोलणे अडवावयाचाच. त्यासाठी माथ्यावर ऐकलेले बोलणे पुन्हा प्रक्षेपित करणारा रिपीटर किंवा एक शहाणा माणूस बसवावा लागतो.

गुप्ततेच्या बाबतीतही हीच सावधगिरी हवी. अंकांत रूपांतरित झालेले बोलणे कुलपात घालणे सोपे असते, आणि उत्तम कुलपे उपलब्धही आहेत. परंतु डिजिटल असणे म्हणजेच गुप्त असणे नव्हे, आणि कुलूप दिसले म्हणून ते मजबूत असतेच असे नाही. २०२३ मध्ये नेदरलँड्समधील संशोधकांनी दाखवून दिले, की टेट्राच्या एका संकेतनपद्धतीत ऐंशी अंकांच्या किल्लीचे बळ आतल्या आत केवळ बत्तीस अंकांइतके कमी केलेले होते. जी पद्धत अनेक वर्षे गुपित ठेवली गेली, ती गुपित असल्यामुळेच इतकी वर्षे तपासली गेली नाही, हा त्या प्रकरणाचा बोध आहे.

मोबाइल फोन प्रत्येकाच्या खिशात असताना हा सारा खटाटोप आज कशासाठी, असा प्रश्न वाचकाच्या मनात येणे स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर २६ जुलै २००५ या दिवशी मुंबईने दिले. सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला त्या दिवशी लाखो माणसांनी एकाच वेळी घरी फोन लावण्याचा प्रयत्न केला, कित्येक ठिकाणी मनोऱ्यांची वीज गेली, आणि खिशातली यंत्रे मुकी झाली. मोबाइल हा दोघांचा संवाद आहे आणि तो सर्वांच्या सामाईक जाळ्यावर अवलंबून आहे. द्विमार्गी रेडिओ हा एकाचा अनेकांशी संवाद आहे, आणि जाळे कोसळले तरी दोन संच परस्परांशी थेट बोलू शकतात. डिसेंबर २००४ मध्ये सुनामीने अंदमानचा मुख्य भूमीशी संपर्क तोडला, तेव्हा तेथे योगायोगाने मुक्कामास असलेल्या हौशी रेडिओवाल्यांनी जे संदेशवहन केले, ते याच स्वावलंबनाच्या बळावर. तथापि हेही खरे, की वेगवान मोबाइल जाळ्यांवर कळ दाबून बोलण्याची जी नवी मानके २०१६ पासून आकारास आली, त्यांत चित्रे व नकाशेही पाठवता येतात. आपल्या दूरसंचार नियामक प्राधिकरणानेही २०१८ मध्ये आपत्तिनिवारणासाठी अशा नव्या यंत्रणेची शिफारस केली. पुढील काही वर्षे जुने ॲनालॉग, डिजिटल आणि मोबाइल-जाळ्यावरचे संच एकत्र नांदणार, आणि त्यांची सांगड घालणे हेच मोठे काम ठरणार.

सांगड न घातल्याची किंमत काय पडते, ते ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमध्ये दिसले. दक्षिण मनोरा कोसळल्यावर उत्तर मनोऱ्यातून बाहेर पडण्याचा हुकूम सुटला, पण तो आतील अनेक अग्निशामकांच्या संचांवर पोहोचलाच नाही. पोलिसांच्या हेलिकॉप्टरमधून दिलेले इशारे अग्निशामक दलाच्या वाहिनीवर ऐकूच येत नव्हते. त्या दिवशी अग्निशामक दलाचे ३४३ जण गेले. दोन खात्यांची बोलणी निरनिराळ्या सारण्यांत वाहत होती, आणि त्यांना जोडणारा पाटकरी नव्हता.

कायद्याचाही येथे उल्लेख केला पाहिजे, कारण या विषयात अज्ञान महागात पडते. बाजारात खेळण्याच्या भावात मिळणारे संच अनेकदा परवान्यावाचून वापरता येण्याजोगे नसतात; २०१८ च्या नियमांनी अल्पशक्तीच्या हातसंचांसाठी ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात मुभा दिली आहे. १८८५ चा तारायंत्र अधिनियम आणि १९३३ चा बिनतारी अधिनियम यांची जागा घेण्याची तजवीज २०२३ च्या दूरसंचार अधिनियमात झाली आहे; परंतु हवा सर्वांची आहे आणि म्हणूनच ती कोणा एकाच्या मर्जीची नाही, हे तत्त्व तेच आहे.

या पार्श्वभूमीवर प्रस्तुत ग्रंथाचे मोल मला विशेष वाटते. या विषयावर मराठीत जे थोडे उपलब्ध आहे ते बहुधा विक्रेत्यांची माहितीपत्रके व खात्यांतर्गत टिपणे यांच्या स्वरूपाचे. त्यांत कोणते बटण दाबावे हे असते, ते का दाबावे हे नसते. या ग्रंथाने उलट रीत स्वीकारली आहे. कोणत्याही एका कंपनीच्या संचाचा कैवार न घेता त्याने प्रथम तरंग, पट्टा आणि पाळी यांची मूलतत्त्वे मांडली, मग त्या तत्त्वांच्या प्रकाशात निरनिराळी घराणी तपासली, आणि प्रत्येक सुविधेपुढे ती कोणाच्या कामाची व कोणाला अडचणीची हा प्रश्न उभा केला. आयटीआयचा विद्यार्थी, बंदोबस्तावरचा शिपाई, कारखान्याचा सुरक्षा अधिकारी, गडावरील शोधपथकाचा स्वयंसेवक आणि खरेदीच्या निविदेवर सही करणारा अंमलदार, हे सर्व त्याचे वाचक आहेत. आणि यांतील शेवटच्याने तो सहीपूर्वी वाचावा अशी माझी ताकीद नव्हे, पण विनंती आहे. पारिभाषिक शब्दांच्या बाबतीत लेखकाने जे रुळले ते रुळलेलेच ठेवले. रिपीटरला संस्कृत वस्त्रे नेसवण्याचा अट्टहास केला नाही, आणि जेथे ‘कंप्रता’, ‘सारणी’ असे शब्द सहज बसले तेथे ते टाळलेही नाहीत. गणिताचा भाग काही वाचकांना जड जाईल. त्यांनी तो पहिल्या वाचनात ओलांडून पुढे जावे आणि नंतर परतून यावे.

आता नदीकाठच्या त्या रात्रीकडे. आजची यंत्रणा तेथे असती तर ती शीळ उमटलीच नसती. दोन्ही शिपायांना आपापली पाळी मिळाली असती, दोघांचेही शब्द स्पष्ट ऐकू आले असते, आणि अल्याड काठ व पल्याड काठ हे कदाचित दोन निराळे गट असल्याने एकाचे बोलणे दुसऱ्याच्या कानी पडलेच नसते. मुलगी सापडल्याची नोंद एका पडद्यावर आणि आई रडत असल्याची नोंद दुसऱ्या पडद्यावर, दोन्ही बिनचूक वेळेसह, दोन्ही निर्दोष. त्या शिळेने आम्हाला वीस मिनिटे छळले हे खरे; परंतु पलीकडे आणखी कोणी तरी बोलू पाहत आहे, एवढे तिने आम्हाला सांगितले होते. फडाच्या पाटावर पाटकरी एका शेताची खिडकी बंद करून दुसऱ्याची उघडतो, तेव्हा तो दोन्ही शेते पाहत असतो. यंत्राने पाळी लावून दिली, हे त्याचे मोठे उपकार. पाळ्यांच्या दोन्ही बाजू ऐकणारा माणूस मात्र त्या शाळेतल्या टेबलाशी तसाच बसलेला हवा, आणि काय ऐकावयाचे हे त्याला कळावे, याचसाठी हा ग्रंथ आहे.